आंबील ओढ्याची वाट

गाव आधी की पाणी आधी, असा प्रश्न कोणी केला तर इतिहासाच्या अभ्यासकाला उत्तर देताना फारसे अडखळावे लागत नाही. पाणी आधी. नदीचा काठ, ओढ्याचे वळण, उन्हाळ्यातही न आटणारा झरा पाहून माणसाने पहिली खुंटी ठोकली आणि मग तिच्याभोवती घरे, देऊळ, पार आणि बाजार उभे राहिले. तळेगाव, विहीरगाव, झरी अशी गावांची नावेच याची साक्ष देतात.

खरा अवघड प्रश्न याच्या पुढचा आहे. गाव वाढते. पहिल्या पाणवठ्याभोवतीची जागा अपुरी पडते. शिवेबाहेरच्या सखल जमिनीवर, जिथे कालपर्यंत पावसाळ्यात बेडूक ओरडत होते, तिथे आज आखणीचे दोर पडतात. त्या वेळी नव्या वस्तीला प्यायला पाणी कोठून येणार, आणि आभाळातून आलेले पाणी कोठून जाणार, याचा विचार घर बांधणाराच करतो, की तो दुसऱ्या कोणाकडे आणि पुढच्या कधीतरीवर सोपवतो? गेल्या पावणेतीनशे वर्षांत पुणे शहराने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिली आहेत. त्यांचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण जमाखर्चाच्या वह्या पुजतो. त्यांत ही एक वही असली तर बिघडत नाही.

या कहाणीचा नायक कोणी पेशवा नाही की इंग्रज साहेब नाही. तो एक ओढा आहे. त्याचे नाव आंबील ओढा.

पुण्याचे मूळ कसबे वसले ते मुठेच्या काठी, दोन ओढ्यांच्या बेचक्यात. पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा. दक्षिणेला कात्रजच्या डोंगरात आंबील ओढा उगम पावे, धनकवडीच्या बाजूने उतरत पर्वतीच्या पायथ्याशी येई आणि तेथून आज जिथे दाट पेठा आहेत त्या सखल भागातून वाट काढीत मुठेला मिळे. उन्हाळ्यात घोटाही न भिजावा आणि आषाढात बैलगाडी उलटावी, असा हा आपल्या देशावरच्या ओढ्यांचा स्वभावच आहे. कसब्यापुरते पुणे होते तोवर या ओढ्याचा उपयोग तटाच्या खंदकासारखा होत होता. पण १७३० च्या सुमारास बाजीरावाने शनिवारवाडा बांधावयास घेतला आणि पुणे हे राज्याचे मर्मस्थान झाले. सरदार आले, सावकार आले, भिक्षुक आले, कारागीर आले. वस्तीला पश्चिमेकडे व दक्षिणेकडे सरकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आणि तिकडे तर ओढा आडवा!

बाजीरावाचा मुलगा नानासाहेब पेशवा याची कारकीर्द १७४० ते १७६१ अशी झाली. पानिपताच्या काळ्या सावलीमुळे या पुरुषाने पुण्यासाठी काय केले ते आपण विसरतो. १७५० च्या आसपासच्या काही थोड्या वर्षांत त्याने तीन कामे केली, आणि ती एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.

पहिले काम कात्रजच्या नळाचे. कात्रजच्या खोऱ्यात, डोंगराचे पाणी जिथे एकवटते तिथे, दोन तलाव बांधले. दोन का, हे समजून घेण्यासारखे आहे. वरच्या तलावात डोंगराचा गाळ बसावा आणि खालच्यात निवळलेले पाणी यावे, ही योजना. खालच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे तीन कोसांचा चुनेगच्ची बंदिस्त नळ जमिनीखालून नेला. नळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मनगटाएवढी नळी येते. हा नळ म्हणजे माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल असा दगडी बोगदा. वाटेत ठिकठिकाणी त्याला वर उघडणारी धुराड्यासारखी तोंडे ठेवली, त्यांना उच्छ्वास म्हणत. हवा कोंडू नये, दाब वाढू नये आणि गाळ काढता यावा, अशी तिन्ही कामे एका उच्छ्वासाने साधत. कात्रज उंच, वाडा सखल. म्हणून पाणी आपल्याच ओढीने शहरात येई. ना मोट, ना रहाट, ना पंप. पेठांतून हौद बांधले आणि नळाच्या शाखा त्यांना जोडल्या. पुढे नाना फडणिसाने नऱ्हे-आंबेगावकडून दुसरा नळ सदाशिव पेठेच्या हौदापर्यंत आणला. रास्त्यांनीही आपल्या पेठेसाठी वेगळा नळ आणला. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही पत्ता सांगताना पुणेकरांच्या तोंडी येतात.

दुसरे काम ओढा वळवण्याचे. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याला बांध घालून त्याचे तोंड पश्चिमेकडे फिरवले आणि लकडी पुलाच्या वरच्या अंगाला तो मुठेस मिळेल अशी नवी वाट करून दिली. जुनी वाट मोकळी झाली. तिथली जमीन कोरडी झाली आणि पेठा वसवण्यास योग्य ठरली.

तिसरे काम तळ्याचे. वळवलेल्या ओढ्याच्या पाण्यातून पर्वतीखाली एक विस्तीर्ण तळे तयार झाले. सांगतात की तळ्याचे काम रेंगाळले तेव्हा नानासाहेब स्वतः हत्तीवरून उतरला आणि दगड उचलू लागला; मग बरोबरच्या सरदारांनाही कमरा वाकवाव्या लागल्या आणि काम झपाट्याने पुरे झाले. गोष्ट खरी असो वा रचलेली, लोकांनी ती जपली यात अर्थ आहे. या तळ्यात मध्ये बेट राखले होते. पुढे सवाई माधवरावाच्या काळात, १७८४ साली, तिथे गणपतीची स्थापना झाली. तोच तळ्यातला गणपती.

आता ही तीन कामे एकत्र ठेवून पाहा. डोंगरात तलाव, म्हणून पावसाळ्याचे पाणी एकदम खाली धावत नाही. पायथ्याशी तळे, म्हणून जे धावते त्याला थबकायला जागा आहे. ओढ्याला नवे पात्र, म्हणून तळ्यात न मावणारे पाणी नदीकडे जाते. आणि याच व्यवस्थेतून शहराला पिण्याचे पाणी, बागांना पाणी आणि घरांना कोरडी जमीन मिळते. पाणी आणणे, पाणी साठवणे, पाणी काढून देणे आणि घरे बांधणे ही चार कामे एकाच डोक्यातून निघाली आहेत. त्या काळी या विद्येला कसलेही भारदस्त नाव नव्हते. गवंडी, पाथरवट आणि उतार ओळखणारे कारभारी यांना ती हाताने येत होती.

घरांची रचनाही त्याला साजेशी होती. जुन्या वाड्याला तीन-चार पायऱ्या चढून जावे लागे, ते केवळ ऐटीसाठी नव्हे. उंच जोते ही पावसाळ्याची तरतूद होती. छपराचे पाणी चौकात पडे, चौकातून मोरीने बाहेर जाई, आणि परसातल्या मातीत मुरलेले पाणी आडाला मिळे.

पण या व्यवस्थेची आरती ओवाळून थांबावे असे मला वाटत नाही. जो इतिहास फक्त पूर्वजांच्या पाया पडतो, तो अर्धाच इतिहास. कात्रजचे पाणी सर्वांचे नव्हते. हौदावर कोणी घागर बुडवावी आणि कोणी लांब उभे राहून ओंजळ पसरावी, हे जातीने ठरलेले होते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा पेशवाई बुडून अर्धशतक झाले होते. तरी ती घटना बंडासारखी वाटावी इतके शहर मागे होते. ज्या नगररचनेने पाण्याचा उतार इतका अचूक जाणला, तिला माणसामाणसांतला चढउतार मात्र दिसला नाही. आणि ओढा वळवला म्हणजे पुराचा धोका नाहीसा झाला असे नव्हे. तो पेठांवरून उचलून शिवेबाहेर ठेवला गेला. शिवेबाहेर त्या वेळी शेते होती. पुढे तिथे कोण राहावयास आले ते यथावकाश येईलच.

याच जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला सुचवले होते की डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जागच्या जागी जिरवावे, म्हणजे ते एकदम ओढ्यानाल्यांना मिळणार नाही. शेतीच्या कळवळ्याने केलेली ही सूचना शहरालाही तितकीच लागू आहे; पण ती ऐकावयास शहराचे कान मोकळे नव्हते. कारण मधल्या काळात पुण्याला पाण्याचा एक नवाच चमत्कार सापडला होता.

मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ साली पुरे झाले. त्या तलावाला फाइफ साहेबाचे नाव दिले होते. धरणातून उजवा कालवा निघाला, तो पर्वतीच्या पायथ्यावरून शहराच्या अंगाने पूर्वेकडे गेला. पुढे नळाचे पाणी घरोघर आले. तोटी फिरवावी आणि पाणी यावे, हे सुख लहान नव्हते. कावडी वाहणाऱ्या बायकांच्या खांद्यांना विचारावे. आणखी एक गोष्ट त्यातून घडली. तोटी जात विचारीत नाही. म्हणून हौदाचा सोवळेपणा जे सोडीत नव्हता ते पुष्कळसे नळाने सोडवले.

पण या सुखाबरोबर एक विसर आला. पाणी तोटीतून येते असे वाटू लागले की ते ओढ्यातून येते याची आठवण राहत नाही. धरण एका खात्याकडे गेले, नळ नगरपालिकेकडे, रस्ते तिसऱ्याकडे. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला आणि जमिनीचे तुकडे पाडणारे चौथे टेबल मांडले गेले. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपल्यापरीने हुशार. पण ओढ्याचा कागद कोणाच्याच टेबलावर नाही! त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचा एक विलक्षण स्कॉच पंडित हिंदुस्थानातली शहरे पायी तुडवीत हिंडत होता. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. डासांच्या भीतीने शहरातील तळी बुजवू नका, तळ्यात मासे सोडा, असे तो नगरपालिकांना परोपरीने सांगे. त्याचे ऐकले फार थोड्यांनी. पर्वतीचे तळेही गेले. तिथे पुढे सारसबाग फुलली. बाग सुंदर आहे, मुले तिथे बागडतात, आणि तळ्यातल्या गणपतीचे दर्शन पाय न भिजवता होते. मात्र ओढ्याची थबकण्याची जागा हरवली.

मग १९६१ साल उजाडले.

मुठेची उपनदी आंबी. तिच्यावर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याची जी वाट असते तिचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बांध खचू लागला. रात्रभर लष्कराचे जवान पावसात वाळूची पोती रचीत राहिले. त्यांच्या त्या कष्टामुळेच धरण रात्री न फुटता १२ जुलैच्या सकाळी फुटले, आणि हजारो माणसांना पळावयास उजेड मिळाला. पानशेतचे पाणी खडकवासल्यावर कोसळले आणि ते जुने दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत आणि डेक्कनच्या बाजूस नदी घुसली. शेकडो वर्षांचे वाडे मातीच्या ढेकळासारखे विरघळले. भिंती मातीच्या असत आणि जोती उंच असली तरी एवढ्या पाण्यापुढे त्यांचा काय पाड!

त्या आपत्तीत एक अशी गोष्ट घडली की तिच्यात या सगळ्या इतिहासाचे मर्म साठले आहे. शहर पाण्याने बुडाले आणि त्याच दिवशी शहराचे पिण्याचे पाणी संपले; कारण ज्या तलावातून नळ चालत, तो तलावच वाहून गेला होता. ऐंशी वर्षे एकाच तोटीवर विसंबलेले पुणे पुराच्या दुसऱ्या दिवशी घागर घेऊन उभे राहिले. जुन्या वाड्यांतले आड, पेठांतले हौद, कात्रजचे पाणी यांची तेव्हा कशी आठवण झाली, ते त्या पिढीतील अनेकांच्या तोंडून मी ऐकले आहे. नानासाहेबाचा नळ दोनशे वर्षांचा होऊन गेला होता. तो कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. पण पाणी देत होता.

पूर ओसरला. माणसांना पुन्हा वसवावयाचे होते. येथे मी वाचकांना जरा सावकाश चालावयास सांगतो, कारण वळण इथेच आहे. सरकारने आणि महापालिकेने घाईने वस्त्या उभारल्या. गोखलेनगरला पत्र्याच्या अर्धगोल बराकी उठल्या. लोकमान्यनगर, दत्तवाडी, पर्वती दर्शन, सहकारनगर ही नावे त्या वेळी पुण्याच्या बोलण्यात आली. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाल्या, त्यांना सरकारी जमिनी मिळाल्या. अशा संस्थांची संख्या १०३ भरते. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांनी कर्जे काढून, दागिने विकून बैठी घरे बांधली, अंगणात तुळस लावली. त्या पुनर्वसनाची थोरवी मी कमी लेखणार नाही. पण वस्त्या वसवताना सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच पाणी होते. नदीचे. नदीपासून दूर गेलो म्हणजे सुटलो, अशी समजूत होती. दत्तवाडी, पर्वतीचा पायथा, अरण्येश्वर, सहकारनगर हा भाग नदीपासून दूर किंवा उंच आहे खरा; परंतु तो वळवलेल्या आंबील ओढ्याच्या खोऱ्यात आहे. पेशव्यांनी पुराचा धोका जिथे नेऊन ठेवला होता, नेमक्या त्या बाजूला पुराने उठवलेली माणसे राहावयास आली.

गेल्या वैशाखात मी कात्रजच्या खालच्या तलावापासून नदीपर्यंत ओढ्याच्या काठाने दोन सकाळी पायी चाललो. जिथे काठ शिल्लक नव्हता तिथे गल्लीबोळांतून गेलो. सहकारनगरच्या बाजूला एका बैठ्या घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई निवडणटिपण करीत बसल्या होत्या. पाणी मागितले, तेव्हा त्यांनी आत बसवले.

“आजी, तुम्ही पानशेतच्या वेळच्या का?” मी विचारले.

“म्हणजे काय! शनिवारातलं घर गेलं आमचं. मी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. सासूबाईंनी देव तेवढे पदरात घेतले आणि आम्ही निघालो.”

“इथे आलात तेव्हा हा ओढा कसा होता?”

“ओढा? अहो, पोरं त्यात खेकडे धरायची. कोणाला वाटलं होतं, तो एक दिवस दारात येईल म्हणून? नदीनं उठवलं, ते समजलं मला. ती नदीच होती. पण ओढ्यानं घरात यावं, हे काही मला अजून पटत नाही हो.”

त्यांचे न पटणे मला मोठमोठ्या अहवालांपेक्षा मोलाचे वाटते. नदीला माणूस नदी म्हणून ओळखतो. ओढ्याला तो ओळखत नाही, कारण आठ महिने ओढा असून नसल्यासारखा असतो. तेवढ्या आठ महिन्यांत त्याच्या पात्रात भिंत येते, पत्र्याची शेड येते, नळी टाकून वरून रस्ता जातो. पावसाळा संपून पुन्हा उन्हाळा आला की भिंत जरा पुढे सरकते. असे पन्नास-साठ उन्हाळे गेले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर आणि दक्षिण पुण्यावर प्रचंड पाऊस कोसळला. कात्रजचा तलाव भरून वाहू लागला. खाली आंबील ओढ्याला जी वाट हवी होती ती जागोजागी आवळलेली होती. पूल बुटके, मोऱ्या अरुंद, त्यांत वाहून आलेला कचरा आणि मोटारी अडकलेल्या. पाणी इमारतींच्या तळमजल्यांत शिरले. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्या रात्री शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव गेले. कोठलेही धरण फुटले नव्हते. नदीला पूर नव्हता. केवळ एक ओढा आपल्या वाटेने नदीकडे निघाला होता.

ही घटना एकटी नाही. २०१३ च्या जूनमध्ये कात्रज घाटाखाली, शिंदेवाडीजवळ, टेकडी फोडून ओहोळ बुजवल्यामुळे पावसाचे पाणी महामार्गावर लोटले आणि त्यात एक आई व तिची चिमुरडी मुलगी वाहून गेल्या. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीच्या पायथ्याशी मुठेच्या उजव्या कालव्याची भिंत फुटली. भर दिवसा, पावसाचा थेंब नसताना, जनता वसाहत आणि दांडेकर पुलाच्या भागात घरे वाहिली. कालवा शेतांतून जात होता तेव्हा त्याची गळती पिकाला लागे. आता ती माणसांच्या घरांत जाते. आणि २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत शिरले. चार प्रसंग, चार कारणे. पण मूळ एकच. घरे ज्यांनी आखली त्यांनी पाणी आखले नाही, आणि पाणी ज्यांच्या हाती होते त्यांना घरांविषयी कोणी विचारले नाही. आणि यांतल्या बहुतेक प्रसंगांत घाव बसला तो तळमजल्यावर आणि झोपडीत राहणाऱ्यांवर. हौदाच्या काळातली उतरंड पाण्याने अजून पुरती सोडलेली नाही.

मग करावयाचे काय? पेशवाईतले नळ पुन्हा बांधावेत असे सुचवण्याइतका मी भाबडा नाही. त्या पुण्यात जेवढी माणसे होती, तेवढी आज एखाद्या उपनगरात मावतात. पण जुन्या रचनेतले तत्त्व आजही तितकेच खरे आहे. आधी पाणी आखावे, मग घरे. म्हणजे काय, ते घरगुती भाषेत सांगतो.

नव्या वस्तीचा नकाशा काढताना पहिली रेघ रस्त्याची नसावी, ओढ्याची असावी. आपल्या राज्यात नदीसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा मानल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. तीच शिस्त ओढ्यांनाही हवी. ओढ्याच्या दोन्ही अंगांना मोकळी पट्टी राहिली तर तिथे झाडे लावता येतात, मुलांना खेळता येते, म्हाताऱ्यांना फिरता येते. आणि वर्षातून दोन दिवस पाणी आले तर खेळणारी मुले दोन दिवस घरी बसतील. दुसरे, वरच्या अंगाला पाणी थबकेल अशी तळी हवीत. कात्रजच्या जोडतलावांप्रमाणे एक गाळासाठी, एक पाण्यासाठी. मात्र पावसाळ्यापूर्वी त्यांत जागा मोकळी ठेवली पाहिजे. काठोकाठ भरलेले तळे पुराच्या रात्री निरुपयोगी. तिसरे, सखल जागी घर बांधणे अटळच असेल तर जोते उंच हवे आणि तळमजला मोकळा हवा. विजेची पेटी, पाण्याचा पंप आणि म्हाताऱ्या माणसाची खाट खाली नको. चौथे, अंगणभर फरशी नको. मातीला पाणी प्यावयास थोडे तोंड उघडे असावे. छपराचे पाणी विहिरीत उतरावे. तसे झाले म्हणजे आषाढात जे पाणी पूर होऊन बाहेर जाते, तेच चैत्रात टँकरऐवजी घरच्या विहिरीतून वर येते. आजची उपनगरे एकाच वर्षात पुराने बुडतात आणि टँकरसाठी रांगाही लावतात, यातील विसंगती त्याशिवाय सुटणार नाही.

आणि शेवटची गोष्ट न्यायाची. ओढ्याकाठी जी गरीब कुटुंबे राहतात ती हौसेने राहत नाहीत. परवडेल अशी दुसरी जागा शहराने त्यांना ठेवलेली नाही. त्यांना नुसते हुसकावून ओढा रुंद करणे म्हणजे नानासाहेबाने ओढ्याचे केले ते माणसांचे करणे होय. धोका उचलून शिवेबाहेर ठेवणे. घर आणि पाणी यांचा विचार एकत्र करावयाचा तर त्यांच्या घरांचाही विचार त्यातच आला पाहिजे.

हे सारे आता का लिहावे? कारण पुण्याची शीव पुन्हा एकदा सरकली आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली. त्यांत भिलारेवाडी, मांगडेवाडी, जांभूळवाडी, नऱ्हे, आंबेगाव ही नावे आहेत. वाचकांना आठवत असेल, कात्रजच्या तलावांत ज्या डोंगरांचे पाणी उतरते आणि नाना फडणिसाच्या नळाला ज्या मुलखातून पाणी मिळाले, तोच हा प्रदेश. अठराव्या शतकात शहराने जिथून पाणी आणले, तिथे एकविसाव्या शतकात शहर राहावयास गेले आहे. तिथे इमारती झपाट्याने उठत आहेत. पण अजून काही ओहोळ उघडे आहेत, काही बांध शाबूत आहेत, काही विहिरींना कठडे आहेत. पेठांमध्ये जे करता येणे आता अशक्य, ते तिथे काही वर्षे तरी शक्य आहे.

पाडव्याच्या मुहूर्तावर अनेक कुटुंबे नव्या घराचा बयाणा देतील. दाराची दिशा पाहतील, स्वयंपाकघरात ऊन येते का ते पाहतील, शाळा आणि बाजार किती दूर ते विचारतील. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की दोन प्रश्न आणखी विचारावेत. या घरात पाणी कोठून येणार? आणि या जमिनीवर पडलेला पाऊस कोणत्या वाटेने जातो? विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर शेजारच्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या आजीला विचारावे. खेकडे कोठे सापडत होते, ते तिला नक्की आठवत असते.